लुई पाश्चर : दंश आणि मृत्यू यांमधील अवधी जिंकणारा शास्त्रज्ञ

दरवर्षी २८ सप्टेंबर हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. २००७ साली सुरू झालेल्या या उपक्रमासाठी हीच तारीख निवडण्याचे कारण असे, की १८९५ मध्ये याच दिवशी फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे निधन झाले. दूध सुरक्षित राखण्याच्या प्रक्रियेला त्यांचे नाव मिळाले, सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत त्यांनी भक्कम पायावर उभा केला, फ्रान्सचा रेशीम उद्योग सावरण्यास हातभार लावला. तरीही सर्वसामान्यांच्या मनात ते राहिले ते पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर उपाय शोधणारे म्हणूनच.

विशेष म्हणजे ज्या विषाणूमुळे हा रोग होतो, तो पाश्चर यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. त्यांच्या काळातील सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यही नव्हते. परंतु हा शत्रू शरीरात कोठून शिरतो, कोठे जातो आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ घेतो, हे त्यांनी ताडले. दंश आणि मृत्यू यांच्या दरम्यान जो अवधी मिळतो, त्याचाच त्यांनी औषधासारखा उपयोग करून घेतला. पाश्चर यांच्या जीवनातील हा अध्याय त्यांच्या बुद्धीची आणि धैर्याची साक्ष देतो; त्याचबरोबर वैद्यकीय प्रयोगांच्या मर्यादांविषयीचे काही अवघड प्रश्नही तो पुढे ठेवतो.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील ज्यूरा प्रांतात दोल या गावी झाला. त्यांचे वडील झां-जोसेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. सैन्यातून परतल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा पिढीजात व्यवसाय पुन्हा सुरू केला. पुढे हे कुटुंब जवळच्या आर्ब्वा या गावी स्थायिक झाले आणि लुई यांचे बालपण तेथेच गेले. शाळेत ते फार चमकणारे विद्यार्थी नव्हते. चित्रकलेत मात्र त्यांना चांगली गती होती. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्यांनी काढलेली रंगीत व्यक्तिचित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. समोरची वस्तू बारकाईने निरखण्याची ही सवय पुढे प्रयोगशाळेत त्यांच्या कामी आली.

१८३१ च्या ऑक्टोबरमध्ये आर्ब्वाच्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने धुमाकूळ घातला आणि अनेकांना चावे घेतले. चावा घेतलेल्यांना लोहाराकडे नेऊन त्यांच्या जखमांवर तापलेल्या लोखंडाचे डाग दिले जात. त्या काळी युरोपभर हाच उपाय प्रचलित होता. इतके सोसूनही जखमींपैकी कित्येक जण दगावले. लुई यांचे वय तेव्हा नऊ वर्षांच्या आत होते. या आठवणीमुळेच त्यांनी पुढे रेबीजचा विषय हाती घेतला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण या रोगाची दहशत काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही एवढे खरे.

स्फटिकांपासून सूक्ष्मजंतूंपर्यंत

पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामवंत संस्थेत १८४३ साली त्यांना प्रवेश मिळाला आणि १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पाश्चर वैद्य नव्हते, ते रसायनशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. द्राक्षाच्या मद्यात आढळणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या एका प्रकारावर काम करताना १८४८ मध्ये त्यांना असे आढळले, की त्याच्या क्षाराचे स्फटिक दोन प्रकारचे आहेत आणि उजवा व डावा हात यांप्रमाणे ते परस्परांच्या आरशातील प्रतिमा आहेत. चिमट्याने एकेक स्फटिक वेगळा करून त्यांनी हे सिद्ध केले. झां-बाप्तिस्त बिओ या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तो प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करून घेतला आणि खात्री पटल्यावरच त्याला मान्यता दिली. पंचविशीतल्या पाश्चर यांचे नाव या एका शोधाने फ्रान्सच्या विद्वत्सभेत पोहोचले.

१८४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे अध्यापन करीत असताना मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या कामात त्यांनी जन्मभर साथ दिली. पाश्चर सांगत आणि त्या लिहून घेत. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी तीन मुली लहानपणीच दगावल्या. थोरली जान १८५९ मध्ये आणि सेसिल १८६६ मध्ये विषमज्वराने गेली, तर सर्वांत धाकटी कामी १८६५ मध्ये वारली. संसर्गाने होणाऱ्या मृत्यूचे दुःख पाश्चर यांच्या घरातच होते.

१८५४ साली लील येथे विज्ञान शाखेचे प्रमुख म्हणून गेल्यावर आंबण्याच्या क्रियेकडे त्यांचे लक्ष वळले. दूध नासणे, मद्य आंबणे या केवळ रासायनिक घडामोडी नसून सूक्ष्म सजीव त्यांना कारणीभूत असतात, हे त्यांनी दाखवून दिले. हंसाच्या मानेसारखी लांब, वाकडी नळी असलेल्या काचेच्या चंबूत उकळलेले द्रावण हवा लागूनही खराब होत नाही, या प्रसिद्ध प्रयोगाने त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. जंतू आपोआप निर्माण होत नाहीत. ते बाहेरून येतात. मद्य ठरावीक तापमानापर्यंत तापवून टिकविण्याची त्यांची पद्धत पुढे दुधासाठी जगभर रूढ झाली. १८६५ पासून त्यांनी काही वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या रोगांचा अभ्यास केला आणि निरोगी अंडी निवडण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या हाती दिली.

याच काळात, ऑक्टोबर १८६८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू अधू झाली. ते तेव्हा ४५ वर्षांचे होते. त्यांचे लसींविषयीचे सर्व काम या आजारानंतरचे आहे. स्वतःचा डावा हात साथ देत नसल्याने प्रयोगातील अनेक नाजूक कामे त्यांना सहकाऱ्यांवर सोपवावी लागत.

दुर्बळ जंतूंचा उपयोग

इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीतील द्रव टोचून माणसाला देवी रोगापासून वाचविण्याची वाट दाखविली होती. परंतु प्रत्येक रोगाला निसर्गाने असा सौम्य जोडीदार दिलेला नाही. तो प्रयोगशाळेत तयार करता येईल काय, हा पाश्चर यांच्यापुढचा प्रश्न होता. १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर काम करताना त्याचे उत्तर मिळाले. बरेच दिवस ठेवून जुने झालेले जंतूंचे द्रावण टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत, आणि नंतर ताजे, जहाल जंतू टोचूनही त्या जगल्या. रोगजंतूंना दुर्बळ करून त्यांचीच लस बनविता येते, असा याचा अर्थ होता.

मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी मेंढ्यांवर काळपुळी रोगाच्या लसीची जाहीर चाचणी झाली. शेतकरी, पशुवैद्य आणि वार्ताहर यांच्यासमोर २ जून रोजी निकाल स्पष्ट झाला. लस टोचलेली जनावरे उभी होती आणि न टोचलेल्या मेंढ्या मेल्या होत्या किंवा मरणपंथाला लागल्या होत्या. त्याच वर्षी लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ अशा सर्वच टोचण्यांना व्हॅक्सिनेशन म्हणावे, असा प्रस्ताव मांडला. गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले हे नाव पुढे सर्व लसीकरणासाठी रूढ झाले.

न दिसणारा शत्रू

रेबीजचे काम पाश्चर यांनी १८८० च्या अखेरीस हाती घेतले. देवी किंवा पटकी यांच्या तुलनेत या रोगाने फ्रान्समध्ये फारच थोडी माणसे मरत. पण मरण अटळ असे, आणि ते भयंकर असे. पाण्याचा घोट घेताना घशात येणारे पेटके, वाऱ्याच्या झुळुकीनेही होणारा त्रास, मधूनमधून पूर्ण शुद्ध आणि शेवटी पक्षाघात. पाण्याच्या या भयामुळेच मराठीत त्याला जलसंत्रास असेही नाव मिळाले. लक्षणे दिसल्यावर रोगी वाचत नाही, ही गोष्ट तेव्हाही सर्वांना माहीत होती आणि आजही ती जवळजवळ तशीच आहे.

पहिली अडचण अशी, की या रोगाचा जंतू सापडतच नव्हता. रेबीजने दगावलेल्या एका मुलाच्या लाळेत पाश्चर यांना एक जंतू मिळाला खरा. पण तो निरोगी माणसांच्या लाळेतही आढळला, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. जिवाणू ज्या द्रावणात वाढतात, त्यात रेबीजचा जंतू वाढेना आणि सूक्ष्मदर्शकातही दिसेना. दुसरी अडचण वेळेची होती. चावलेल्या प्राण्याला रोग होईलच असे नाही, आणि झालाच तर अनेक आठवडे किंवा महिने वाट पाहावी लागे.

लियाँ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्राध्यापक पिएर-व्हिक्टर गाल्तिए यांनी १८७९ मध्ये सशांना हा रोग देता येतो हे दाखविले होते. त्यामुळे पिसाळलेले कुत्रे हाताळण्याचा धोका टळला. पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू, शार्ल शांबरलां व लुई तुलिए यांनी याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. रोगाची लक्षणे मेंदूची आहेत, तर रोगाचे बीजही मेंदूत व मज्जारज्जूतच असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. रेबीजने मेलेल्या प्राण्याच्या मेंदूचा अंश निरोगी प्राण्याच्या कवटीला छिद्र पाडून थेट मेंदूच्या आवरणाखाली टोचला, तर रोग हमखास होतो आणि लवकर होतो, असे प्रयोगांत आढळले. ही शस्त्रक्रिया करण्यास पाश्चर यांचे मन धजत नव्हते; ती रू यांनी केली.

द्रावणात न वाढणारा जंतू अशा रीतीने सशाच्या मेंदूत वाढविता येऊ लागला. एका सशाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी ही साखळी चालविल्यावर रोग प्रकट होण्याचा काळ कमी होत होत सुमारे सात दिवसांवर येऊन स्थिरावला. आता प्रयोगासाठी ठरावीक शक्तीचे विष हाती आले. ते दुर्बळ कसे करायचे, एवढेच उरले होते. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू निर्जंतुक बाटलीत दोऱ्याने टांगायचा आणि तळाशी पोटॅशचे खडे ठेवून बाटलीतील हवा कोरडी राखायची, असा उपाय सापडला. रज्जू जसजसा वाळे, तसतशी त्याची मारकशक्ती कमी होई. सुमारे चौदा दिवसांनी ती जवळजवळ नाहीशी होई. ही बाटलीची कल्पना मुळात रू यांची होती, असे पाश्चर यांच्या पत्नीचे भाचे व प्रयोगशाळेतील सहायक आद्रियां ल्वार यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

येथेच या संशोधनाचा गाभा आहे. रेबीजचा विषाणू रक्तावाटे वेगाने पसरत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूंत शिरून तो त्यांच्यामार्फत हळूहळू मेंदूकडे सरकतो. पायाला चावा असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर आखूड. साधारणपणे एक ते तीन महिने या प्रवासात जातात. क्वचित काही दिवस, तर क्वचित वर्षाहून अधिक काळही लागतो. इतर रोगांच्या लसी रोगाची लागण होण्यापूर्वी टोचाव्या लागतात. रेबीजमध्ये लागण झाल्यानंतरही शरीराला तयार करण्यास सवड मिळते. वाळलेल्या रज्जूपासून सुरुवात करून रोज थोडा अधिक ताजा रज्जू टोचत गेल्यास विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीर त्याच्याशी लढण्यास सिद्ध होईल, अशी पाश्चर यांची धारणा होती. कुत्र्यांवरील प्रयोगांनी तिला बळ मिळाले.

जुलै १८८५

६ जुलै १८८५ रोजी जर्मनीच्या ताब्यातील अल्सास प्रांतातून जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. हातापायांच्या जखमांमुळे त्याला धड चालताही येत नव्हते. पाश्चर यांनी व्युल्पियां आणि ग्रांशे या दोन वैद्यांना मुलाला दाखविले. मुलगा वाचण्याची आशा नाही, तेव्हा टोचणी करून पाहावी, असे दोघांचेही मत पडले. पाश्चर यांना वैद्यकीय व्यवसायाचा परवाना नसल्याने सुई ग्रांशे यांनी हाती घेतली. त्याच रात्री आठच्या सुमारास पंधरा दिवस वाळवलेल्या रज्जूचा पहिला अंश मुलाच्या पोटाच्या त्वचेखाली टोचण्यात आला.

पुढील दहा दिवसांत एकूण तेरा टोचण्या झाल्या. प्रत्येक वेळी रज्जू आधीच्यापेक्षा ताजा होता. १६ जुलैला दिलेली शेवटची मात्रा इतकी जहाल होती, की आधीच्या टोचण्या निष्फळ ठरल्या असत्या, तर तिनेच मुलाचा जीव गेला असता. या दिवसांत पाश्चर यांना झोप नव्हती. मुलगा मात्र प्रयोगशाळेच्या आवारात कोंबड्या व सशांमध्ये रमला होता. आठवडे गेले, महिने गेले. मायस्टर निरोगी राहिला.

ऑक्टोबरमध्ये पाश्चर यांच्याच ज्यूरा प्रांतातून झां-बाप्तिस्त ज्युपिय हा पंधरा वर्षांचा मेंढपाळ मुलगा आला. लहान मुलांवर चाल करून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजताना त्याला चावे बसले होते. दंशानंतर सहा दिवसांनी त्याची टोचणी सुरू झाली आणि तोही वाचला. २६ ऑक्टोबर १८८५ रोजी पाश्चर यांनी विज्ञान अकादमीपुढे हे काम मांडले. ही बातमी पसरताच देशोदेशींचे रुग्ण पॅरिसकडे येऊ लागले.

यश आणि आक्षेप

नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला पाश्चर यांच्याकडे आणण्यात आले. तिच्या डोक्याला खोल चावा होता आणि दंश होऊन ३७ दिवस उलटले होते. उशीर झाला आहे हे पाश्चर जाणून होते. मृत्यू आला तर नव्या उपचारालाच दोष लागेल, याचीही त्यांना कल्पना होती. तरीही आईवडिलांना परत पाठविणे त्यांना जमले नाही. टोचणी झाली, पण डिसेंबरच्या आरंभी ती मुलगी दगावली. उपचाराची पद्धत तीच होती. सवड मात्र संपली होती.

मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्क येथून लांडग्याने चावलेले १९ जण आले. लांडग्याचे चावे खोल आणि बहुधा चेहऱ्यावर असतात, शिवाय प्रवासातही बरेच दिवस गेले होते. तरी त्यांतील १६ जण वाचून मायदेशी परतले. दुसरीकडे टीकाही वाढत होती. चावा बसलेल्या प्रत्येकाला रेबीज होतोच असे नाही, मग वाचलेल्यांपैकी किती जण टोचणीमुळे वाचले, हा आक्षेप बिनतोड होता. एका रुग्णाकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नव्हते. शेकडो रुग्णांची नोंद ठेवल्यावर आणि इंग्लंडच्या सरकारने नेमलेल्या समितीने १८८७ मध्ये स्वतंत्र प्रयोगांती अनुकूल अहवाल दिल्यावरच या उपचाराला व्यापक मान्यता मिळाली.

लोकवर्गणीतून पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली. तिला रशियाच्या झारपासून सामान्य नागरिकांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी तिचे उद्घाटन झाले, तेव्हा पाश्चर इतके भारावले होते, की त्यांचे भाषण त्यांच्या मुलाने वाचून दाखविले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ व्हिलनव्ह-लेतां येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी त्यांच्याच संस्थेत आहे. जोसेफ मायस्टर मोठेपणी याच संस्थेत द्वारपाल म्हणून कामाला होते. १९४० मध्ये, जर्मन सैन्याने पॅरिस घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांनी आपले जीवन संपविले.

वह्यांनी सांगितलेले

पाश्चर यांच्या प्रयोगवह्या त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी पाहिल्या होत्या. १९६४ साली त्यांच्या नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि पुढे अभ्यासकांसाठी त्या खुल्या झाल्या. अमेरिकी इतिहासकार जेराल्ड गाइसन यांनी १९९५ मध्ये त्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा काही गोष्टी नव्याने उजेडात आल्या. मायस्टरच्या आधीही पाश्चर यांनी दोन रुग्णांवर वेगळ्या प्रकारे टोचणीचा प्रयत्न केला होता. त्यांतील एक मुलगी वाचली नव्हती आणि याची वाच्यता झाली नव्हती. मायस्टरला ज्या क्रमाने रज्जू टोचले, त्या क्रमाची कुत्र्यांवरील चाचणी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. पुई-ल-फोर येथे वापरलेली लसही, लोकांचा समज होता त्याप्रमाणे हवेच्या योगाने नव्हे, तर शांबरलां यांच्या रासायनिक पद्धतीने दुर्बळ केलेली होती. उपचाराच्या घाईविषयी रू यांचे मतभेद होते आणि मायस्टरच्या टोचणीपासून ते दूर राहिले होते.

या माहितीमुळे पाश्चर यांचे कार्य खोटे ठरत नाही. उपचाराचा पाया बरोबर होता, हे नंतरच्या काळाने दाखवून दिले आहे. मात्र त्यांनी पत्करलेली जोखीम जगाला सांगितली त्याहून मोठी होती आणि श्रेय वाटून देताना त्यांचा हात आखडता असे, हेही तितकेच खरे. माणसावर प्रयोग करण्यापूर्वी प्राण्यांवरील चाचण्या पूर्ण कराव्यात, अपयशही नोंदवावे आणि जाहीर करावे, हे नियम आज वैद्यकशास्त्राने स्वीकारले आहेत. ते का आवश्यक आहेत, हे या वह्या वाचून समजते.

भारतातील वाटचाल

पॅरिसची परंपरा भारतातही लवकरच पोहोचली. पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना त्यांनी तेथेच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

रेबीजच्या उपचारासाठी हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत कसौली येथे १९०० मध्ये आणि दक्षिणेत निलगिरीतील कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाल्या. कसौलीचे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कार्बॉलिक आम्लाने विषाणू निष्क्रिय करून लस बनविण्याची पद्धत काढली. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ही लस भारतात अनेक दशके वापरली गेली. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने ही हीच. तिने असंख्य जीव वाचविले, पण तिच्यातील मेंदूच्या अंशामुळे काही रुग्णांना पक्षाघातासारखे दुष्परिणाम होत. पोटातील इंजेक्शनांच्या धास्तीने अनेक जण उपचार अर्धवट सोडत किंवा टाळत. पेशींच्या संवर्धनातून बनविलेल्या सुरक्षित लसी उपलब्ध झाल्यानंतर भारतात २००४ च्या अखेरीस या जुन्या लसीचे उत्पादन थांबले. आधुनिक लस दंडात किंवा त्वचेच्या थरात देतात, आणि मात्राही मोजक्याच असतात.

पाश्चर यांना न दिसलेला जंतू विषाणू असल्याचा पुरावा १९०३ मध्ये मिळाला. पॉल रेमलिंगर यांनी तो जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून पार होतो हे दाखविले. त्याच वर्षी इटलीचे आदेल्की नेग्री यांनी रोगग्रस्त मेंदूच्या पेशींतील विशिष्ट ठिपके शोधले आणि निदानाचे साधन हाती आले. पुढे लसीबरोबर तयार प्रतिपिंडे जखमेत देण्याची पद्धत रूढ झाली. लसीने शरीर सज्ज होईपर्यंतच्या दिवसांत ही प्रतिपिंडे विषाणूला जखमेपाशीच रोखतात. म्हणजे पाश्चर यांनी ओळखलेल्या अवधीतील उरलेली फटही आता बुजविता येते.

ज्ञान आहे, सवड आहे, तरीही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात. त्यांतील बहुसंख्य मृत्यू आशिया व आफ्रिकेत होतात, बहुतेकांना कुत्र्याचा चावा कारणीभूत असतो आणि बळींमध्ये मुलांचे प्रमाण मोठे असते. भारतात कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याची राष्ट्रीय योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. कुत्र्यांचे व्यापक लसीकरण हा तिचा प्रमुख आधार आहे, कारण रोगाचा उगमच तेथे रोखता येतो.

व्यक्तीच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुतल्यास विषाणूचा मोठा भाग तेथेच नष्ट होतो. त्यानंतर विलंब न करता दवाखाना गाठून लसीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी घ्याव्या लागतात आणि जखमेतून रक्त आले असेल तर प्रतिपिंडेही घ्यावी लागतात. ओरखडा किरकोळ आहे, कुत्रा ओळखीचा आहे, चावलेले ते पिल्लूच होते, अशा समजुतींवर विसंबून राहणे जिवावर बेतते. जखमेवर मिरचीची पूड, चुना किंवा हळद भरणे, अथवा मंत्र-उताऱ्यात दिवस घालविणे म्हणजे हातातील मोलाचा अवधी विषाणूला देऊन टाकणे होय.

पाश्चर यांना एका मुलाच्या उपचारासाठी ससे, बाटल्या, वाळलेले रज्जू आणि दहा दिवसांची जागरणे लागली, आणि त्या वेळी असा उपचार करू शकणारी प्रयोगशाळा जगात एकच होती. आज लस सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळते. पॅरिसला ३७ दिवसांनी पोहोचलेल्या मुलीला जे मिळू शकले नाही, ते आज चावा बसलेल्या कोणालाही मिळू शकते. त्यासाठी दंश झाला त्याच दिवशी घराबाहेर पडणे एवढेच आवश्यक आहे.